यंत्रमानव आणि मूठभर स्क्रू

डोळे मिटून शिवणाच्या डब्यात हात घाला आणि एक बटण काढा. बोटे चाचपतात, उलटेसुलटे ओळखतात आणि बटण हव्या त्या बाजूने वर येते. यात कसले आले कौतुक, असे वाटेल. पण हेच काम यंत्रमानवाला सांगा, की त्याची भंबेरी उडालीच!

१९६१ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा यंत्रमानव कामाला लागला. तापलेले ओतीव भाग उचलायचे, हे त्याचे काम. भाग ठरल्या जागी मिळत, म्हणून त्याचे निभावले. जुळणीच्या कामात मात्र स्क्रू, वॉशर, स्प्रिंगा ढिगाने येतात. स्क्रू पिळणे सोपे. तो नीट हाती येणे कठीण. खरी मेख इथेच आहे.

यावरचा जुना तोडगा आपल्या गृहिणींना ओळखीचा वाटेल. सुपाच्या हादऱ्यांनी त्या धान्यातले खडे वेगळे करतात ना? तसेच हे थरथरणारे वाडगे. त्याच्या आतल्या भिंतीवरून वळणे घेत एक अरुंद वाट वर जाते. तळाशी विद्युतचुंबक आणि तिरप्या स्प्रिंगपट्ट्या. वीज सुरू होताच वाडगे बारीक झटके खाऊ लागते आणि भाग टुणटुण उड्या मारीत वाट चढतात. मध्ये कुठे खाच, कुठे पाते. सुलटा भाग पुढे जातो; उलटा घसरून तळाशी पडतो आणि बिचारा पुन्हा चढू लागतो. वर पोचतात ते सारे एका रांगेत, एकाच तोंडाने.

पण प्रत्येक भागाला निराळे वाडगे लागते, आणि एक वाकडा स्क्रू सारी रांग अडवतो. म्हणून आता सपाट पट्ट्यावर भाग पसरून कॅमेऱ्याने पाहायचे व जो सोयीचा पडला असेल तोच उचलायचा, अशीही योजना करतात. भाग बदलला तरी यंत्र तेच चालते.

मूळचे इंग्लंडचे प्राध्यापक जेफ्री बूथरॉइड यांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला : भागच शहाणा का करू नये? दोन्ही टोके सारखी ठेवा, म्हणजे उलटेसुलटे उरतच नाही. ते जमत नसेल, तर फरक ठळक करा. स्प्रिंगेची टोके मिटवा, म्हणजे ती दुसरीत गुंतणार नाही. आणि जो भाग वगळता येईल तो वगळाच! या कार्यासाठी त्यांना व त्यांचे सहकारी पीटर ड्यूहर्स्ट यांना १९९१ साली अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

गंमत पुढेच आहे. आयबीएम कंपनीने १९८५ च्या सुमारास यंत्रमानवांच्या सोयीसाठी ‘प्रोप्रिंटर’ हे छपाईयंत्र आखले. स्क्रू जवळजवळ हद्दपार. भाग एकमेकांत खटकन बसायचे. झाले काय, तर ते माणसांनाही हाताने झटपट जोडता येऊ लागले! यंत्राच्या अडचणीतून निघालेली वाट अशी माणसाच्याच सोयीची ठरली. कारखान्यात बाकावर बसून दिवसभर बारीक भाग जोडणाऱ्या बोटांपाशी केवढी विद्या आहे, हे मात्र यंत्राला शिकवायला बसल्यावरच आपल्याला कळले.