जड फिशिंग कयाकसाठी घरच्या घरी गाडी कशी बनवायची? चाकं, चौकट आणि तोल, सगळी माहिती

कयाकमधून मासेमारीचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. पण एक गोष्ट त्या रील्समध्ये सहसा दिसत नाही. ती म्हणजे ही होडी पार्किंगपासून पाण्यापर्यंत नेतात कशी!

आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची मूळ कयाक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बनवलेली असायची. एकटा माणूस ती उचलून न्यायचा. आजची फिशिंग कयाक मात्र जाड प्लास्टिकची असते. होबी कंपनीच्या 14 फुटी प्रो अँगलरसारखं मॉडेल सीट आणि पेडलसकट 60 किलोच्या वर जातं. एवढं वजन वाळूतून ओढलं तर कंबर जाते आणि होडीचा तळही घासतो. म्हणूनच लागते दोन चाकी गाडी, म्हणजे कयाक कार्ट. चला तर मग, ती कशी बनवायची ते बघूया.

1) आधी चाकं ठरवा

गाडी वाळूत रुतणार की नाही, हे चाकातल्या हवेवर ठरतं. समजा 60 किलोची कयाक आहे, म्हणजे एका चाकावर 30 किलो. टायरमध्ये 30 पीएसआय हवा असेल तर तो जमिनीला साधारण 14 चौरस सेंटीमीटर टेकतो, काडेपेटीपेक्षाही कमी! म्हणून तो रुततो. बलून टायरमध्ये हवा 3 पीएसआयच्या आसपास असते, त्यामुळे तो 140 चौरस सेंटीमीटर, म्हणजे अख्ख्या पंजाएवढा टेकतो. म्हणून तो वाळूवर तरंगल्यासारखा चालतो.

बलून टायर महाग पडतात. तुमचा रस्ता डांबरी किंवा टणक मातीचा असेल, तर बांधकामावरच्या एकचाकी गाडीची हवा भरायची चाकं पुरतात.

2) चौकट

हलक्या कयाकला पीव्हीसी पाईपची गाडी चालते. पण 60 किलोला सांधे सुटू शकतात, शिवाय उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं. त्यापेक्षा वेल्डिंगवाल्याकडून जीआय पाईपची चौकट करून घ्या:

- दोन्ही बाजूंना उलटा त्रिकोण. वरची पट्टी 60 सेंमी, खाली दोन्ही पाय एक्सलच्या पाईपला जोडलेले.
- दोन त्रिकोणांना जोडणारे आडवे पाईप.
- चाकाचा माथा होडीच्या तळाच्या खाली राहील एवढी उंची. नाहीतर चाक होडीला घासतं.
- एक्सलला 16 मिमीचा रॉड. 12 मिमीच्या रॉडपेक्षा तो तिपटीहून जास्त ताठ असतो, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो.
- चाकाच्या दोन्ही बाजूंना वॉशर आणि बाहेरून कॉटर पिन.
- वरच्या पट्ट्यांवर एसीच्या पाईपला लावतात तो काळा फोम.

3) भोकात दांडे घालायचे का?

कयाकच्या तळाला पाणी निघून जायला आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर होल म्हणतात. काही गाड्यांचे दांडे थेट त्यात बसतात. सोपं वाटतं, पण जड होडीचं सगळं वजन त्या भोकांच्या कडांवर येतं. तिथे बारीक तडा गेला तर किनाऱ्यावर कळतही नाही. कळतं ते खोल पाण्यात, होडीच्या पोकळीत पाणी भरल्यावर! त्यामुळे जड कयाकला पट्ट्यांवर टेकणारी गाडीच बरी.

4) गाडी कुठे बांधायची?

खरी गंमत इथे आहे. गाडी मागच्या टोकाला, तोलाच्या बिंदूपासून 120 सेंमी मागे बांधली, तर 14 फुटी कयाकचं पुढचं टोक धरताना हातावर साधारण 22 किलो येतात. तीच गाडी तोलाच्या फक्त 15 सेंमी मागे बांधली तर 4 किलो! तोलाचा बिंदू शोधायला होडीखाली एक आडवा पाईप ठेवा आणि ती सरळ राहते ती जागा मार्करने खुणा करा. सामान भरलं की हा बिंदू सरकतो, म्हणून नेहमीच्या सामानासकट बघा.

बेल्ट फक्त होडीभोवती गुंडाळू नका. एक बेल्ट पुढे सीटच्या किंवा हँडलच्या पक्क्या कडीला बांधा. नाहीतर चाक दगडाला अडलं की होडी पुढे आणि गाडी मागे!

5) वापरल्यानंतर

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवा, वेल्डिंगच्या जागी रंग लावा. चाकाला लोखंडी बेअरिंगपेक्षा नायलॉनचं बुश बरं, ते गंजत नाही.

पहिली ट्रायल घराजवळच घ्या, सामान भरून. शंभर पावलं चाला, मग पिन, बेल्ट आणि वेल्डिंग तपासा. जे तुटायचं ते पार्किंगमध्ये तुटलेलं बरं. आणि हो, पाण्यात उतरताना लाईफ जॅकेट घालायचंच!