जखम कशाने भरते?

१९७३ साली लॉरेन पिकार्ट यांना मानवी रक्तद्रवात तीन अमिनो आम्लांची एक इवलीशी साखळी सापडली. तांब्याशी जोडली जाणारी ही साखळी, ‘जीएचके’ नावाचे पेप्टाइड, आज त्वचेच्या मलमांत असते. दुसरे ‘बीपीसी-१५७’, त्याचे बहुतेक प्रयोग प्राण्यांवरचेच. तरीही तारुण्यासाठी आणि दुखऱ्या सांध्यांसाठी हौशी मंडळी दोन्ही एकत्र टोचून घेतात! या जोडीची माणसांवर नीट पारख झालेली नाही.

त्याच १९७३ साली, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. वीज नसलेल्या त्या रानात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अस्वलाने फाडलेली माणसे टाके घालून उभी केली. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ, आनंदवनात, बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांचे व्रण धुतले. कुष्ठात पाय बधिर होतो. काटा रुतला तरी माणूस चालतच राहतो आणि व्रण चिघळतो. उपाय साधाच: पाय रोज धुवावा, निरखावा, त्याला विसावा द्यावा, मऊ पादत्राण घालावे.

शरीर आपली जखम आपणच भरते. आपण तिला स्वच्छता आणि सवड द्यायची. नव्या औषधाला आमची ना नाही. पण वाचकहो, सुई टोचून घेण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे विचाराच: हे माणसांवर पारखले आहे काय?