पावसाचा हिशेब आणि ग्रामसभेचा निर्णय

मृग नक्षत्र लागले की गावाचे डोळे आभाळाकडे लागतात. पाऊस वेळेवर आला की पेरणी होते, पुरेसा झाला की विहिरी भरतात आणि विहिरी भरल्या की रब्बीची आशा बाळगता येते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर उभा असलेला हा आडाखा अलीकडच्या काळात वारंवार चुकू लागला आहे. पावसाची वार्षिक सरासरी गाठली जाते. परंतु मधले तीन-चार आठवडे कोरडे जातात आणि नंतर दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांना आढळून आले आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने पडतो.

कातळ आणि पाणी

महाराष्ट्राच्या दृष्टीने या बदलाला विशेष महत्त्व आहे. राज्याच्या भूभागापैकी सुमारे ८० टक्के क्षेत्र बेसाल्ट या काळ्या कातळाने व्यापलेले आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. संथ पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यास अवधी मिळतो. मुसळधार पावसाचे पाणी माती घेऊन ओढ्याला जाते. म्हणजे पर्जन्यमापकावरील आकडा तोच राहिला तरी विहिरीतील पाणी घटू शकते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही आठवण अद्याप ताजी आहे.

जगाच्या तापमानवाढीला आळा घालणे एकट्या ग्रामपंचायतीच्या हाती नाही, हे उघड आहे. तथापि, पडलेल्या पावसाचे काय करावयाचे, हे ठरविणे मात्र बऱ्याच अंशी गावाच्याच हाती आहे. १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अकरावी अनुसूची घातली. पंचायतींकडे सोपवावयाच्या तिच्यातील २९ विषयांत लघु पाटबंधारे, जलव्यवस्थापन आणि पाणलोट क्षेत्र विकास यांचा समावेश आहे. प्रश्न अधिकाराचा कमी आणि निर्णयाचा अधिक आहे.

हिवरे बाजारचा धडा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. तेथील सरासरी पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. दुष्काळ, उघडे पडलेले डोंगर आणि रोजगारासाठी स्थलांतर अशी या गावाची एकेकाळची स्थिती होती. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर श्रमदान, रोजगार हमीची कामे आणि आदर्श गाव योजना यांच्या आधाराने डोंगरउतारावर समतल चर खोदण्यात आले, बांधबंदिस्ती झाली, पाझर तलाव झाले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांमुळे डोंगर पुन्हा हिरवे झाले.

अशी कामे राज्यात इतरत्रही झाली. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यापुढील पावलात आहे. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत आणि उसासारखी अतिपाण्याची पिके टाळावयाची, असे बंधन गावाने स्वतःवर घालून घेतले. २००४ पासून तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला व विहिरींची पातळी काय आहे, हे पाहून रब्बीची पिके ठरतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी गाव पिकांचे क्षेत्रही कमी करते. अडविलेले पाणी कसे खर्च करावयाचे, याचा निर्णय केला नाही तर ते काही मोजक्या पंपांतून उपसले जाते, हा या गावाचा धडा आहे.

ताळेबंद कसा मांडावा

हे गणित चौथीच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी मिळाले. उदाहरणादाखल १,००० हेक्टर क्षेत्राचे आणि १,५०० लोकवस्तीचे एक गाव घेऊ. ४०० मिलिमीटर पाऊस झाल्यास गावावर ४०० कोटी लिटर पाणी पडते. त्याचा दहावा हिस्सा जमिनीत मुरला असे धरल्यास भूजलात ४० कोटी लिटरची भर पडेल. दरडोई दररोज ५५ लिटर या प्रमाणाने माणसांना वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर लागतील. एक हजार जनावरांसाठी सुमारे २ कोटी आणि पुढील वर्षीच्या पावसाच्या ओढीसाठी ५ कोटी लिटर राखून ठेवले, तर शेतीसाठी ३० कोटी लिटर उरतात.

आता पिकांकडे पाहावे. पावसाचा वाटा वजा जाता एक हेक्टर उसाला ढोबळमानाने दीड कोटी लिटर पाणी द्यावे लागते. हरभऱ्याला सुमारे २० लाख लिटर पुरते. म्हणजे उपलब्ध पाण्यात २० हेक्टर ऊस होईल किंवा १५० हेक्टर हरभरा. दोन हेक्टर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढे संपूर्ण गावाला वर्षभर पुरते.

पाऊस २५० मिलिमीटरवर आला तर भूजलात २५ कोटी लिटरचीच भर पडेल. पिण्याचे व राखीव १० कोटी वजा केल्यास शेतीला १५ कोटी राहतात. पाऊस सुमारे ३८ टक्क्यांनी घटला. शेतीचे पाणी मात्र निम्म्यावर आले. हे पेरणीपूर्वी कळले तर पीक बदलता येते. फेब्रुवारीत कळले तर उभे पीक वाळते आणि टँकरची मागणी करावी लागते.

कोणी काय करावे

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी ८.३० वाजता नोंद घेता येईल आणि ती फळ्यावर लिहिता येईल. विद्यार्थ्यांसाठी हे विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र यांचे एकत्रित शिक्षण ठरेल. निवडक विहिरींची पातळी ठरावीक महिन्यांत मोजता येईल. पीकपाहणीतून लागवडीचे क्षेत्र मिळते. मुरणाऱ्या पाण्याचे प्रमाण जमिनीनुसार बदलते. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा. पाऊस सरत आलेला आणि रब्बीची पेरणी व्हावयाची असते, अशा वेळी २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. ताळेबंद मांडण्यास याहून योग्य दिवस नाही.

या कामी एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. शेततळे पावसाचे पाणी साठविण्यासाठी असते. परंतु प्लास्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या उपशाने भरले, तर सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या तळ्यात जाते आणि उन्हाने त्यातील काही भाग उडून जातो. विंधनविहिरींच्या चढाओढीतही शेजाऱ्याची विहीर आटते. अधिक खोलीवरून पाणी उपसण्यास वीजही अधिक लागते आणि राज्यातील विजेचा मोठा भाग कोळशापासून निर्माण होतो. म्हणून उपसा कमी करणे हा हवामानबदलाच्या कारणावरही छोटासा उपाय ठरतो.

ताळेबंदातील खरी अडचण आकडेमोडीची नसून त्यागाची आहे. ज्याच्याकडे विहीर व पंप आहे, त्याने आपला उपसा आवरावयाचा असतो. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला पाण्याच्या निर्णयात बोलता आले पाहिजे. हंडा घेऊन दूर जावे लागते ते स्त्रियांनाच. त्यामुळे त्यांच्या उपस्थितीवाचून झालेला ठराव अपुरा समजावा. वरून आलेला आदेश चुकविता येतो. आपल्याच आकड्यांवरून, आपल्याच चावडीत, सर्वांसमक्ष झालेला निर्णय मोडणे माणसाला अवघड जाते.

पुढील पाऊस कसा पडेल, हे कोणत्याही ग्रामसभेला ठरविता येणार नाही. पडलेला पाऊस किती होता आणि तो कोणाच्या वाट्याला किती यावा, हे तिने पेरणीपूर्वी ठरविले, तर अवर्षणाच्या वर्षीही गावाला पिण्याच्या पाण्याची चिंता पडणार नाही.