फ्लॉपीवर चालणारं मशीन घ्यावं का?

आम्ही गटातल्या तिघी लोअर परळला जुनं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन बघायला गेलो होतो. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि काचेची ऑफिसं, पण आतल्या गल्लीत कारखान्यांचे गाळे अजून आहेत. मशीन झकास चाललं. अडचण एकच, नक्षी आत जाते ती फ्लॉपीवरून. सोबतच्या मुलाने लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून नवी नक्षी भरून दिली, तर मशीन ती वाचेना! कर्जाचा अर्ज आम्ही तिथेच थांबवला.

दोष कुणाचा? कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. त्यात प्रत्येक यंत्राशी बोलणारा एक भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. फ्लॉपीच्या ड्रायव्हरला बारीकसारीक कामं पडतात: मोटर सुरू करा, चकतीला वेग येईपर्यंत थांबा, मग वाचणारं डोकं नेमक्या पट्ट्यावर न्या. चकतीच्या एका बाजूला असे 80 पट्टे.

लिनक्सच्या कर्नलमध्ये हे काम एकाच मोठ्या फाइलीत लिहिलंय. पण फ्लॉपीची चिप कुठल्या तारेवरून हाक मारते, हे प्रत्येक जातीच्या कॉम्प्युटरसाठी वेगळ्या छोट्या फाइलीत. साध्या पीसीवर ती तार 6 नंबरची. शिवणयंत्राचंही तसंच नाही का? टीप तीच, पण एकीची बॉबिन केस दुसरीच्या मशीनला बसत नाही.

यूएसबी ड्राइव्हला मात्र हा ड्रायव्हर लागतच नाही. मोटर, डोकं, सगळं त्याच्या आतलं सर्किट बघतं. कर्नल फक्त माहिती देतो-घेतो. त्यामुळे त्या सर्किटला जो साचा येतो तोच मिळणार. आमच्या मशीनला 720 केबीची फ्लॉपी हवी होती, आम्ही दिली 1.44 एमबीची. दिसायला जुळ्या बहिणी! ओळखायचं भोकांवरून: 720 ला एक, 1.44 ला दोन.

फ्लॉपी वापरणारे कमी झालेत. 2019 साली लिनक्समध्ये हा ड्रायव्हर बेवारस ठरला होता, कारण सांभाळणाऱ्याकडे चालू ड्राइव्हच उरला नव्हता. पुढे दुसऱ्याने तो हाती घेतला.

एक वाट आहे. फ्लॉपीच्या खाचेत बसणारी, पेनड्राइव्ह घेणारी डबी मिळते. मशीनला ती फ्लॉपीच वाटते. पण तीही 720 आणि 1.44 अशा वेगवेगळ्या साच्यांची येते. म्हणून आम्ही गाळेवाल्या दादांना सांगितलंय, डबी लावा, आमची नक्षी आमच्यासमोर भरून दाखवा, मगच इसार. पुढच्या सोमवारी परत जातोय.