मूत्राशयाचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग : स्वच्छता, पाणी आणि आडोसा

मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हा स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या जंतुसंसर्गांपैकी एक असून, सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी त्याचा त्रास होतो. लघवी करताना आग होणे, पुन्हापुन्हा घाई लागूनही थेंबथेंबच होणे, ओटीपोटात दुखणे आणि लघवी गढूळ किंवा लालसर दिसणे ही त्याची ओळखीची लक्षणे होत. खेड्यापाड्यांत याला ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात आणि अंगातली उष्णता वाढली असे समजून धने-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढले जातात. त्या पाण्याने अपाय काही होत नाही, परंतु दुखण्याचे मूळ जंतूंमध्ये असल्यामुळे तेवढ्यावर विसंबल्यास उपचाराला उशीर होतो.

हे जंतू बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत. थिओडोर एशेरिच या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये वर्णन केलेला आणि पुढे ‘ई. कोलाय’ या नावाने ओळखला जाऊ लागलेला जीवाणू माणसाच्या आतड्यात एरवी निमूटपणे राहतो. तोच गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून मूत्रद्वारापर्यंत पोहोचला आणि वर चढला, म्हणजे मूत्राशयाला सूज येते. पुरुषाची मूत्रनलिका सुमारे २० सेंटिमीटर लांब असते, तर स्त्रीची जेमतेम ४ सेंटिमीटर असून तिचे तोंड गुदद्वारापासून फार दूर नसते. स्त्रियांना हा आजार अधिक होतो तो मुख्यतः या शरीररचनेमुळे. म्हणून तो झालेल्या स्त्रीला अस्वच्छ ठरवणे चुकीचे आहे. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षभरात तीन वेळा संसर्ग झाल्यास वैद्यकशास्त्र त्याला ‘वारंवार होणारा संसर्ग’ म्हणते.

जंतू वर चढले तरी ते धुऊन काढण्याची सोय शरीरातच असते, ती म्हणजे लघवीचा प्रवाह. आणि हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या शेतीवर जगणाऱ्या तालुक्यात नेमका हाच प्रवाह दिवसभर अडवला जातो. सोयाबीनची खुरपणी, कापसाची वेचणी, हळदीचे कंद वेचणे, शिजवणे आणि वाळवणे या कामांत बायांचा दिवस शेतात जातो, आणि हळदीचा हंगाम तर फेब्रुवारीपासून वाढत जाणाऱ्या उन्हात येतो. सकाळी स्वयंपाक उरकून शेतावर निघालेली बाई सोबत पाण्याची बाटली नेते खरी. पण शेत उघडे, बांधावर झाड नाही, शेजारच्या तासात गडीमाणसे कामाला, अशा ठिकाणी लघवीला जाता येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे ती दुपारच्या भाकरीसोबत दोन घोट घेऊन बाटली झाकून ठेवते. घामावाटे पाणी जात राहते, लघवी दाट होते, तासन्‌तास मूत्राशयात साचून राहते, आणि साचलेल्या लघवीत जंतूंना वाढायला भरपूर अवधी मिळतो.

पाण्याचे महत्त्व केवळ अनुभवावर आधारलेले नाही. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि एरवी कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जादा दिले गेले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा, तर इतरांना ३.२ वेळा संसर्ग झाला. पुरेसे पाणी पिणे आणि दर तीन-चार तासांनी लघवीला जाणे हा यातून निघणारा नियम आहे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शौचाच्या वेळची स्वच्छता हा प्रतिबंधाचा दुसरा भाग होय. उकिडवे बसून तांब्याने पाणी घेताना आधी पुढचा भाग धुवावा आणि नंतर मागचा, हात नेहमी पुढून मागे फिरवावा, आणि मागे गेलेला हात पुन्हा पुढे आणू नये. नळीच्या फवाऱ्याची धारही मागून पुढे मारू नये. या सवयीमुळे संसर्ग किती टळतो याचे ठोस पुरावे थोडे असले, तरी जंतूंची वाट पाहता ती शहाणपणाची आहे, आणि लहान मुलींना ती आईनेच शिकवावी. योनीच्या आत साबण किंवा जंतुनाशक वापरू नये, कारण तेथील उपकारक जीवाणू त्याने नष्ट होतात. शरीरसंबंधानंतर लघवी करून येणे, बद्धकोष्ठता न होऊ देणे आणि शौचानंतर हात साबणाने धुणे याही साध्या, बिनखर्चाच्या गोष्टी आहेत.

एवढे करूनही त्रास उलटत असेल, तर औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणून आग थांबताच त्या सोडून देणे धोक्याचे ठरते, कारण त्यामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. लघवीचे ‘कल्चर’, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून कोणते औषध लागू पडते हे पाहण्याची तपासणी, करून उपचार पूर्ण करावा, आणि रक्तातील साखर व मुतखडा यांचीही खात्री करून घ्यावी. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीमार्गात लावण्याच्या इस्ट्रोजेन मलमाचा उपयोग होऊ शकतो. गरोदरपणात मात्र लक्षणे नसतानाही लघवीतील जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतात, म्हणून आशाताईंनी सांगितलेली लघवीची तपासणी टाळू नये. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे आणि उलट्या ही मूत्रपिंडाला सूज आल्याची चिन्हे असून, अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सुमारे ३८ टक्के घरांतच शौचालय होते. २०१४ पासूनच्या स्वच्छ भारत अभियानात १२,००० रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानातून घरोघरी शौचालये उभी राहिली. परंतु घरातले शौचालय शेतात, आठवडी बाजारात किंवा बसथांब्यावर उपयोगी पडत नाही. मुंबईत २०११ मध्ये स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्या मागणारी ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली. तोच हक्क कळमनुरीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आणि रानात खुरपणी करणाऱ्या बाईचाही आहे. ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदेने बाजाराच्या जागी पाण्याची सोय असलेली, आतून कडी लागणारी स्त्रियांची स्वच्छतागृहे चालू ठेवावीत, शेतमालकांनी बांधावर चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा उभारावा, आणि मुकादमांनी बायांना मध्येच कामावरून उठण्याची मोकळीक द्यावी. ताडपत्रीचा खर्च औषधोपचाराच्या खर्चाहून कमी आहे, आणि येत्या हंगामाआधी तो प्रत्येक शेतमालकाला करता येण्याजोगा आहे.