डावा पाय शिकला पाहिजे!

माझ्या पाकिटात दोन वर्षं ड्रायव्हिंग लायसन्स होतं आणि मला गाडी चालवता येत नव्हती. हसू नका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची हीच अवस्था असणार, फक्त वेळ आलेली नाही म्हणून कळलेलं नाही. माझ्यावर वेळ आली.

दिवाळीच्या सुट्टीत गावी होतो. रात्री साडेअकराला शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. काकांच्या छातीत दुखत होतं. त्यांची जुनी डिझेल जीप अंगणात उभी, किल्ली खुंटीला, पण चालवणार कोण? एरवी चालवणारे काकाच खाटेवर! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शहरात इंजिनियरिंगला असलेला, लायसन्सवाला मुलगा. मी रुबाबात बसलो. अंगणातून रस्त्याला लागायला एक छोटासा चढ आहे. क्लच सोडला, जीपने उडी मारली आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा उडी, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी तर ती मागे घरंगळली आणि तुळशी वृंदावनाच्या हातभर अलीकडे कशीबशी थांबली. शेवटी वरच्या आळीतल्या टेम्पोवाल्या दादाला झोपेतून उठवून आणलं. त्याने एका दमात जीप वर काढली आणि काकांना तालुक्याला नेलं.

काका आज ठणठणीत आहेत. पण त्या रात्रीची वीस मिनिटं माझ्यामुळे वाया गेली, हे मी विसरू शकत नाही. गंमत म्हणजे तेव्हा मला क्लचची डेरिव्हेशन्स तोंडपाठ होती. युनिफॉर्म प्रेशर थिअरी, युनिफॉर्म वेअर थिअरी, दोन्ही! परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क. अंगणातल्या चढावर शून्य.

म्हणून हा लेख. ‘आता सगळं ऑटोमॅटिक होतंय, गियरची गाडी कशाला शिकायची?’ असं कॅन्टीनमध्ये हमखास ऐकू येतं. त्याला माझं उत्तर आहे ते असं.

क्लच : दोन वेगांची तडजोड

पेट्रोल-डिझेल इंजिनाची एक खोड आहे. ते शून्यापासून जोर देऊ शकत नाही. मिनिटाला साधारण सातशे-आठशे फेऱ्यांच्या बरंच खाली गेलं की ते गचके खातं आणि बंद पडतं. उभ्या गाडीची चाकं मात्र शून्यावर. एक टोक ८०० वर फिरतंय, दुसरं जागचं हलत नाही, आणि दोन्ही एकदम जोडली तर एकाला हार मानावीच लागणार. हार इंजिन मानतं. त्यालाच आपण ‘गाडी बंद पडली’ म्हणतो.

क्लच ही यातली तडजोड. इंजिनाच्या फ्लायव्हीलला लागून एक घर्षणाची चकती असते, तीच क्लच प्लेट. मागून प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबलं की दाब सुटतो आणि इंजिन मोकळं होतं. पेडल पूर्ण सोडलं की दोघं एकजीव. या दोन टोकांच्या मध्ये एक पट्टा असतो, जिथे चकती घसरतही असते आणि थोडा थोडा जोर पुढेही देत असते. हाच तो प्रसिद्ध हाफ क्लच. इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो, गाडी हलकी थरथरते, पायाला कळतं की ‘पकडलं’. मी अंगणात हा पट्टा एका क्षणात ओलांडत होतो, म्हणून जीप उड्या मारत होती.

पण हाफ क्लच हा दोन-तीन सेकंदांचा मामला आहे. घसरणीत गेलेली सगळी ताकद उष्णता होते. चढावरच्या सिग्नलला ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे वीर आपण पाहतो. ते कौशल्य नव्हे, क्लच प्लेट भाजण्याची कृती आहे. तो जळका वास एकदा घेतला की विसरत नाही.

गियर : थोडं गणित

आता गियर. घाबरू नका, बेरीज-गुणाकाराच्या पुढे जाणार नाही. समजा एका छोट्या गाडीचं इंजिन ९० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिल्या गियरचं गुणोत्तर ३.५ आणि पुढच्या डिफरन्शियलचं ४ धरा. एकूण १४ पट. म्हणजे चाकाला (थोडी घट सोडून) १२६० न्यूटन-मीटर मिळाले. चाकाची त्रिज्या २७ सेंटिमीटर धरली तर रस्त्याला ढकलायला साधारण ४६०० न्यूटन जोर हाताशी आला. टॉप गियरचं गुणोत्तर ०.८ धरलं तर एकूण ३.२ पटच, आणि जोर उरतो जेमतेम १०५० न्यूटन.

आता हजार किलोची गाडी दहाला एक अशा चढावर घाला. नुसतं वजन पेलायलाच साधारण ९८० न्यूटन लागतात. वर टायरचा आणि हवेचा अडथळा वेगळाच. म्हणजे टॉप गियरमध्ये हाताशी काहीच उरत नाही. पहिल्या-दुसऱ्यात भरपूर उरतं. पण पहिल्या गियरमध्ये इंजिन हजार फेऱ्यांवर असताना गाडीचा वेग ताशी सातेक किलोमीटर, आणि टॉपमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना बत्तीस. एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. फुकट काही मिळत नाही, हा तर आपल्या शाखेचा कुलधर्मच आहे!

हे सगळं पुस्तकात आहे. पण सासवडच्या मामाने मला दिवे घाटात नेलं आणि मुद्दाम चौथ्या गियरमध्ये चढ चढायला लावला, तेव्हा ते मला खरं कळलं. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला तरी वेग पडत चालला, इंजिन घरघरायला लागलं. मामा म्हणाला, “बघ, तिला दम लागलाय. खालचा गियर टाक.” तिसरा टाकला आणि गाडी उचलली. टॉर्क म्हणजे काय ते त्या क्षणी पायातून डोक्यात गेलं. तोपर्यंतचा प्रवास नेहमी डोक्यातून उत्तरपत्रिकेत एवढाच होता.

खरी परीक्षा उतारावर

चढावर गियर चुकला तर फार तर गाडी बंद पडते. उतारावर चुकला तर जीव जातो. माझ्या मते गियरची गाडी नीट शिकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

पुन्हा थोडं गणित. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर, खोपोली साधारण ६० वर. उतरण धरा ५५० मीटर. चार माणसांसकट १२०० किलोची गाडी बोरघाट उतरली की तिची सुमारे ६५ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या ऊर्जेत तीस अंशांचं बावीस लिटर पाणी उकळीला येतं! काही वाटा हवा आणि टायर घेतात. उरलेली तुम्ही नुसत्या ब्रेकवर घेतलीत, तर ती सगळी त्या चार छोट्या ब्रेकमध्ये शिरते. ब्रेक फार तापले की पकड कमी होते, पाय कितीही दाबा. यालाच ब्रेक फेड म्हणतात. आता हेच गणित पंचवीस टनांच्या ट्रकसाठी करा. साडेचारशे लिटर पाणी.

इथे इंजिन मदतीला येतं. गाडी गियरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिनाला फिरवायला लागतात. ते जड जातं, आणि गाडी आवरली जाते. गियर जितका खालचा तितकी पकड जास्त. जुन्या ड्रायव्हर मंडळींचा साधा नियम आहे : ज्या गियरमध्ये घाट चढाल, त्याच गियरमध्ये उतरा. यात सगळं आलं.

तरीही डिझेल-पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे आहेतच. पुण्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. ब्रेक फेल झाल्याची चर्चा आधी झाली. पण चालकाने उतारावर इंजिन बंद करून ट्रक न्यूट्रलमध्ये सोडल्याचं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. हे का घातक आहे, ते आपल्याला समजायला हवं. न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड गेली. इंजिनच बंद केलं तर एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आणि एकदा जड गाडीने वेग घेतला की पुन्हा गियर टाकावा म्हटलं तरी पडत नाही, कारण गियरबॉक्सच्या आतले दोन वेग आता जुळतच नाहीत. म्हणजे परतीचा रस्ता आपणच बंद केला.

बरं, वाचतं तरी काय? आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गियरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की संगणक इंधन जवळजवळ पूर्ण तोडतो, कारण इंजिन फिरवायचं काम चाकं करत असतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला इंधन द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रल मारून वाचत तर काही नाहीच, वर जिवाशी खेळ.

मग ऑटोमॅटिकचं काय?

ऑटोमॅटिक वाईट असं मी म्हणत नाही. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या गुडघ्याला तिच्यासारखा आराम नाही. पण तिच्या आत काय चाललंय ते मॅन्युअलवाल्याला लवकर उमगतं. २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरियोपासून आपल्याकडे एएमटी घरोघरी पोहोचलं. एएमटी म्हणजे तोच मॅन्युअल गियरबॉक्स आणि तोच क्लच, फक्त पायाऐवजी ते काम यंत्र करतं. म्हणून एएमटी गाडी चढावर अ‍ॅक्सिलरेटरने तोलून धरली तर तिचीही क्लच प्लेट तापते. डावा पाय शिकलेला माणूस असं करणार नाही. ऑटोमॅटिकमध्येही घाट उतरताना ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरायचा असतो, हेही त्यालाच आधी सुचतं.

इलेक्ट्रिक गाडीची गोष्ट निराळी. मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे क्लचची गरजच नाही. उद्या सगळ्या गाड्या अशा झाल्या तर हा लेख रद्दीत जाईल, मला आनंदच आहे. पण आज गावातली जीप, शेजाऱ्याचा टेम्पो, मित्राची सेकंडहँड गाडी यांना तीन पेडल आहेत. आपल्याकडचं कारचं लायसन्स मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद करत नाही. नुसती ऑटोमॅटिक चालवलेला माणूस कागदावर त्या जीपमध्ये बसायला मोकळा आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवायची परवानगीच मिळत नाही. तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडे हा फरक आपला आपणच पाळायचा आहे.

कसं शिकायचं?

माझी चूक अशी झाली की क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक होते. तो गुपचूप दाबत राहिला, मी समजलो मीच चालवतोय. मामाने सगळं पहिल्यापासून घेतलं. तेच क्रमाने सांगतो.

एक : मोकळं मैदान, सपाट जमीन. अ‍ॅक्सिलरेटरला हातच... म्हणजे पायच लावायचा नाही. पहिला गियर टाकून नुसता क्लच इतका हळू सोडायचा की गाडी आपोआप सरकेल. वीस-पंचवीस वेळा करा. ‘पकड’ कुठे येते ते पायाला पाठ होतं.

दोन : हलका चढ, शेजारी जाणकार माणूस, मागे कोणी नको. हँडब्रेक ओढा, पहिला गियर, थोडी रेस, क्लच पकडीपर्यंत आणा. गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक सोडा. मागे एक इंचही जायचं नाही.

तीन : स्पीडोमीटर न बघता, नुसत्या आवाजावरून गियर बदला. इंजिन किंचाळलं की वरचा, घरघरलं की खालचा.

चार : घाट, आधी चढ आणि मग उतार. उतारावर योग्य गियर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. आणि गाडी चालताना डावा पाय क्लचवर विसावू द्यायचा नाही.

मला महिना लागला. दर रविवारी दोन तास. मामाच्या शिव्या मोजल्या नाहीत.

मे महिन्यात पुन्हा गावी गेलो. काकांनी स्वतःहून किल्ली दिली आणि शेजारी बसले. काकू तुळशीपाशी उभ्या होत्या, जरा जास्तच काळजीने. हँडब्रेक, पहिला गियर, पकड, आणि जीप मुकाट्याने वर रस्त्याला लागली. काका एवढंच म्हणाले, “आता रात्री झोप लागेल.”

तर मंडळी, सबमिशन, ओरल्स सगळं आटपलं की या सुट्टीत एक काम करा. घरातल्या, गल्लीतल्या कोणा जाणत्याला गाठा आणि डावा पाय शिकवा. वेळ विचारून येत नाही.