पहिली गाडी, तीही जुनी डिझेल? आधी हे वाचा

चाकणच्या शिफ्टला जाणारी पोरं विचारतात, 'स्वस्तात डिझेल हॅचबॅक कोणती घेऊ?' माझं पहिलं नाव स्विफ्ट, दुसरं इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट. दोन्हींत फियाटचं १.३ मल्टीजेट. 'भारताचं राष्ट्रीय इंजिन' असं गमतीनं म्हणतात त्याला, आणि व्हिस्टातलं तर आपल्या रांजणगावात बनलेलं. सुटे भाग कुठेही मिळतात. चाकणमध्ये बनलेली पोलो टीडीआय चालवायला भारीच, पण टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

मल्टीजेटला बेल्ट नाही, चेन असते. म्हणून मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनावर पहिला स्टार्टर तुम्ही मारा. खडखडाट काही क्षणांत थांबला नाही तर चेन किंवा टेन्शनर गेलाय. मग तिसऱ्या गिअरमध्ये चढावर दाबा: काळा धूर म्हणजे इंजेक्टर, ईजीआर किंवा टर्बोची पाइप, निळा म्हणजे ऑइल जळतंय. निळा दिसला की सरळ घरी.

व्हिस्टा पूर्वी कंपनीची कॅब होती का, हे आरसीच्या इतिहासात बघा. मीटरवर विश्वास ठेवू नका; झिजलेलं स्टिअरिंग आणि पेडलचं रबर खरं बोलतं.

नोंदणी १५ वर्षांची असते. त्याच्या तोंडावर आलेली गाडी स्वस्त वाटते, पण फिटनेस, फेरनोंदणी आणि हरित कर मागे उभे असतात. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९, ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या.